आदिशी गावची पोथी

स्मरणिकेसाठी इतिहासातले काहीतरी लिहून द्या, पण ते शाळेच्या पुस्तकासारखे नको, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. उभा जन्म शाळेच्या पुस्तकांत घालविलेल्या बाईला हा निरोप थोडा लागला, हे कबूल करते. परंतु विषय मात्र तत्काळ सुचला, आणि त्याला कारण आपली गोव्याची सहल.

पुष्कळ भगिनींना आठवत असेल, जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठापाशी आपण थांबलो होतो. जांभ्या दगडाचा तो उंच बुरूज, आणि खाली नुसती जोती. तेथे वाटाड्याने एका राणीचे नाव सांगितले, केतेवान. ही जॉर्जियाची राणी. इराणच्या शहा अब्बासने तिला कैदेत ठेविले होते. धर्म सोडण्याचे तिने नाकारले म्हणून १६२४ साली शिराझ येथे तिला हालहाल करून मारण्यात आले. तेथील ऑगस्टीन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळविल्या व त्यांतील काही गोव्यास आणून या मठात ठेविल्या. पुढे मठ ओस पडला, छत कोसळले, जागा विसरली गेली. अलीकडे उत्खननात अस्थी सापडल्या आणि २०१३ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्या केतेवान राणीच्याच असाव्यात असा निर्वाळा दिला. २०२१ च्या जुलैमध्ये भारताने त्यांतील एक भाग समारंभपूर्वक जॉर्जियाला दिला.

हे ऐकताना आपल्यापैकी एकीने विचारले होते, "जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतला का हो?" तो नव्हे. हा जॉर्जिया काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या कुशीत वसलेला देश. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. भाषा स्वतःची, लिपीही स्वतःची. सहलीहून परतल्यावर त्या देशाविषयी मिळेल ते वाचू लागले, आणि वाचता वाचता एका पोथीपाशी येऊन थांबले. राणीची गोष्ट बाजूलाच राहिली. आज सांगावयाचे आहे ते त्या पोथीविषयी.

ख्रिस्ताचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत, मत्तय, मार्क, लूक व योहान यांची. आपल्याकडे ज्ञानेश्वरीची किंवा भागवताची पोथी जशी घराघरांत लिहून घेतली जाई, तशी जॉर्जियातील मठांत ही चार शुभवर्तमाने एकत्र लिहून घेत. त्यांतील पुष्कळ सचित्र आहेत. गेलाती मठातील बाराव्या शतकाच्या पोथीत तर २५४ चित्रे आहेत. तामार नावाच्या राणीसाठी कॉन्स्टँटिनोपलच्या एका जॉर्जियन मठात लिहिली गेलेली पोथीही प्रसिद्ध आहे. तामारने ११८४ पासून १२१३ पर्यंत राज्य केले, आणि तिची प्रजा तिला 'राणी' न म्हणता 'राजा' असेच म्हणे. एवढ्या श्रीमंत पोथ्या असताना मला मात्र मोह पडला तो त्यांच्या मानाने अगदी साध्या, थोड्याच चित्रांच्या पोथीचा. ही इ. स. ८९७ ची. तारीख लिहिलेली जी जॉर्जियन शुभवर्तमाने आज उपलब्ध आहेत, त्यांत सर्वांत जुनी हीच. तिला 'आदिशीची पोथी' म्हणतात. गंमत अशी की ती आदिशी गावात लिहिली गेली नाही. ती तेथे राखली गेली, आणि नाव राखणाऱ्या गावाचे पडले.

लिहिली गेली ती शातबेर्दी नावाच्या मठात. ही जागा आज तुर्कस्तानच्या हद्दीत आहे. नवव्या शतकात जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी अरब अमिराच्या ताब्यात होती, आणि जॉर्जियन लोकांचे नवे जीवन उगवत होते ते दक्षिणेकडील डोंगरदऱ्यांत. तेथे ग्रिगोल नावाच्या साधूने व त्याच्या शिष्यांनी एकामागून एक मठ उभे केले. ह्या ग्रिगोलचे चरित्र ९५१ साली लिहिले गेले. त्यात देशाची एक व्याख्या आली आहे, ती मला फार आवडते. ज्या भूमीत पूजाप्रार्थना जॉर्जियन भाषेत होते ती सारी जॉर्जिया, असा तिचा भावार्थ. राज्याच्या सीमा तेव्हा कोणालाच नक्की सांगता आल्या नसत्या. भाषेची सीमा सांगता येत होती. अशा काळात स्वभाषेतील धर्मग्रंथ लिहून काढणे म्हणजे काय, हे आपल्या संतांच्या भूमीत फोड करून सांगावयास नको.

हा धर्म जॉर्जियात आणला तोही एका स्त्रीने. चौथ्या शतकात निनो नावाची तरुणी तेथे आली. परंपरा सांगते की द्राक्षवेलीच्या दोन काड्या स्वतःच्या केसांनी बांधून तिने क्रूस केला. राणी नाना तिच्या प्रार्थनेने बरी झाली, राणीमागून राजा वळला आणि राजामागून देश. आजही तिथल्या मुलींत निनो हे नाव पावलोपावली आढळते. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे आणखी एक निनो येणार आहे.

पोथीचे पान सुमारे तीस सेंटिमीटर उंच व पंचवीस रुंद. अशी पावणेचारशेहून अधिक पाने आहेत, आणि ती कागदाची नाहीत, चामड्याची आहेत. कातडे चुन्याच्या निवळीत भिजवायचे, केस खरवडून काढायचे, चौकटीवर ताणून बांधायचे, आणि ताणलेले असतानाच अर्धचंद्री सुरीने पुन्हा पुन्हा तासायचे. वाळले म्हणजे त्याचे पातळ, पांढुरके, दोन्ही बाजूंनी लिहिता येणारे चर्मपत्र होते. एका कातड्यातून ह्या मापाची दोन जोडपाने निघाली असे धरले, तरी ह्या एका पोथीसाठी शंभराच्या आसपास जनावरे लागली असली पाहिजेत. डोंगरातल्या मठाला हा खर्च हलका नव्हता. तो सोसून पोथी करविणाऱ्याचे नाव सोफ्रोन, हा मठाचा बांधणारा म्हणून ओळखला जातो. आणि लिहिणाऱ्याचे नाव मिकाएल.

लिपी जुन्या वळणाची, 'असोमतावरुली' म्हणतात तिला. सगळी अक्षरे एकाच उंचीची, गोल गोल, वर्तुळे व काटकोन यांतूनच जणू घडविलेली. आज जॉर्जियात जी ३३ अक्षरे चालतात ती हिची नातवंडे, पण चेहऱ्यात फारसे साम्य राहिलेले नाही. असोमतावरुलीत झरझर लिहिता येत नाही, एकेक अक्षर मांडावे लागते. मी छायाचित्रात ते पान पाहिले तेव्हा लहानपणी पाटीवर घोटलेल्या अक्षरांची आठवण झाली. घाई कुठेच नाही.

चित्रे आहेत ती पोथीच्या आरंभी. प्रथम खांब व कमानी. देवळाच्या सभामंडपात शिरावे तसे वाटते, परंतु ह्या कमानी नुसत्या शोभेच्या नाहीत. प्रत्येक दोन खांबांमध्ये आकड्यांची रांग आहे. झाले असे की चार शुभवर्तमानांत तीच हकीकत कधी चौघांनी, कधी तिघांनी, कधी एकट्यानेच सांगितलेली असते. चौथ्या शतकात युसेबियस नावाच्या विद्वान बिशपाने चारही ग्रंथांच्या परिच्छेदांना क्रमांक दिले आणि कोणता परिच्छेद कोणाशी जुळतो याची दहा कोष्टके केली. मार्कमधील अमुक क्रमांकाची हकीकत मत्तयात कुठे आहे, हे कमानीखालच्या रांगेवरून बोट फिरविले की समजे. आपण ज्याला सूची म्हणतो तीच ही. आजच्या सूचीला मात्र कोणी खांब आणि कमानी काढीत नाही. आम्हां शिक्षकांना असे वाटे की मुले सूची पाहात नाहीत. कमानी काढल्या असत्या तर कदाचित पाहिली असती.

कमानींनंतर एक लहानसे गोल मंदिर रेखाटलेले आहे, वर छप्पर व खाली खांब, आणि मग शुभवर्तमान लिहिणारे उभे आहेत. नंतरच्या काळातील चित्रांत हे लेखक मेजाशी बसून लेखणी चालविताना दिसतात. येथे ते उभे आहेत, हातात ग्रंथ घेऊन, सरळ आपल्याकडे पाहात. ह्याच शातबेर्दी मठात ९३६ साली गाब्रिएल नावाच्या लेखकाने आणखी एक पोथी लिहिली, आणि ९४० साली तेवदोरे नावाच्या चित्रकाराने ती रंगविली. म्हणजे तेथे हे काम एखाद्या वेळचे नव्हते, परंपरेने चालले होते.

आता पोथीतल्या ज्या जागेपाशी मी थांबले, ती सांगते. ती चित्राची जागा नाही. ती मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटाची जागा आहे.

ख्रिस्ताला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे तीन स्त्रिया त्याच्या थडग्याकडे निघतात, मग्दालिया मरिया, याकोबाची आई मरिया आणि सलोमी. देहाला लावायला सुगंधी द्रव्ये घेतलेली आहेत. शिष्य सारे पांगलेले. वाटेने त्यांना विवंचना एवढीच की थडग्याच्या तोंडावरची धोंड आपल्या हाताने कशी सरायची. जाऊन पाहतात तो धोंड सरलेली, आत पांढरा झगा घातलेला एक तरुण बसलेला. तो सांगतो, ज्याला शोधता तो येथे नाही, तो उठला आहे, जाऊन त्याच्या शिष्यांना सांगा. त्या थरथर कापत बाहेर पळतात, आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत.

आदिशीच्या पोथीत मार्क येथे संपतो.

आपण छापील बायबल उघडले तर ह्यापुढे आणखी बारा वचने दिसतात. येशू मग्दालिया मरियेला दिसला, मग इतरांना दिसला, त्याने शिष्यांना जगभर जावयास सांगितले, अशी सारी सांगता तेथे होते. हे पुढचे भाग मूळचे की मागाहून जोडलेले, ह्यावर विद्वानांत दीर्घकाळ चर्चा झाली. ग्रीक भाषेतील चौथ्या शतकाच्या दोन अति प्राचीन पोथ्या आहेत, एक रोमला व्हॅटिकनमध्ये आणि दुसरी सिनाई पर्वताच्या मठातून उजेडात आलेली. त्या दोहोंतही मार्क त्या घाबरलेल्या स्त्रियांपाशीच संपतो. आणि जॉर्जियन पोथ्यांतील ज्या दोन सर्वांत जुन्या, ८९७ ची ही आणि ९१३ ची एक, त्यांतही तसेच. कोणी म्हणतात, मार्कच्या मूळ ग्रंथाचे शेवटचे पान फार पूर्वीच फाटून गेले असावे. कोणी म्हणतात, त्याला तेथेच थांबावयाचे होते. हा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. पण एक सांगितल्यावाचून राहवत नाही. पुरुष पांगले असताना ज्या पहाटे उठून गेल्या, त्यांच्या भीतीवर ग्रंथ संपविणे हे मला उणे वाटत नाही. त्यांनी पुढे कोणाला तरी सांगितलेच असणार, एरवी मार्कला कळले कोठून?

हा जुना शेवट ह्या पोथीत का टिकला, त्याचीही गोष्ट आहे. जॉर्जियनमधले पहिले भाषांतर फार जुने, पोथीहून कित्येक शतकांपूर्वीचे. त्यातील पुष्कळ शब्दरचना शेजारच्या आर्मेनियन भाषांतराशी जुळते, असे अभ्यासक दाखवितात. पुढे ग्रीस देशातील अथोस पर्वतावर जॉर्जियन मठवाशांनी मठ स्थापला. अकराव्या शतकात तेथील जॉर्ज नावाच्या पंडिताने ग्रीक प्रतींशी ताडून शुभवर्तमानांची सुधारलेली जॉर्जियन संहिता सिद्ध केली. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली त्याची येथे सहज आठवण होते. जॉर्जचे काम इतके उत्तम होते की पुढे सर्वत्र तीच संहिता नकलली जाऊ लागली, आणि जुनी मागे पडली. जुनी पोथी जीर्ण झाली की तिची नक्कल करीत, पण नक्कल नव्या संहितेवरून करीत. ज्या थोड्या पोथ्या ह्या व्यवहारातून सुटल्या त्यांत जुने शब्द राहिले. आदिशीची पोथी सुटली, कारण ती डोंगरात होती.

हे आदिशी गाव स्वानेती प्रांतात, कॉकेशसच्या उंच शिखरांखाली आहे. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही वर लोक गुरेढोरे बाळगून राहतात. हिवाळ्यात बर्फाने वाटा बुजतात. घरांना लागून दगडी चौकोनी बुरूज असतात, शत्रू आला किंवा शेजाऱ्याशी वैर पडले की त्यात शिरावयाचे. अरब आले, मंगोल आले, तैमूर आला, इराणी आले, तुर्क आले. खालच्या मुलखातली देवळे लुटली गेली, जळाली. शातबेर्दीचा मुलूख सोळाव्या शतकात तुर्कांकडे गेला आणि तिथले मठ हळूहळू निमाले. संकट आले की खालची माणसे देवाच्या मौल्यवान वस्तू वर स्वानेतीत पाठवीत. तेथपर्यंत शत्रूची फौज सहसा पोचत नसे.

स्वान लोकांची भाषा जॉर्जियनच्या कुळातली खरी, पण वेगळी. जॉर्जियन माणसाला ती समजत नाही, आणि तिला स्वतःचे जुने लिखित वाङ्मय नाही. म्हणजे ज्यांनी ही पोथी शतकानुशतके जपली, त्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा त्या पोथीत नव्हती. गावातल्या गुराख्याला त्या गोल अक्षरांतले एकही वाचता आले नसेल. तरी देवळातील वस्तू ही सर्व गावाची ठेव. काही गावांत तर देवळाच्या किल्ल्या निरनिराळ्या घराण्यांकडे असत, सर्वांनी मिळून आल्याशिवाय दार उघडायचे नाही. परक्याला काही दाखविणे तर दूरच राहिले.

प्रवाशांनी ह्याबद्दल स्वानांना आडमुठे म्हटले आहे. मला ते पटत नाही. खाली काय होत होते ते पाहावे. गुरिया प्रांतातील जुमातीच्या मठात सोन्यावर मीनाकारी केलेल्या अप्रतिम चकत्या होत्या, मूर्तिपटाच्या चौकटीला जडविलेल्या. एकोणिसाव्या शतकात त्या मठातून निघाल्या आणि संग्राहकांच्या हातांतून फिरत फिरत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेल्या. तेथे त्या आजही पाहावयास मिळतात, आणि नीट ठेविलेल्या आहेत हेही खरे. पण जुमातीच्या माणसाला त्या पाहावयाच्या तर महासागर ओलांडावा लागतो. तेव्हा दार न उघडणाऱ्या आदिशीकरांना मी तरी दोष देणार नाही.

जाता जाता आपल्या घरची एक गोष्ट सांगते. ह्या स्मरणिकेसाठी मंडळाच्या पहिल्या पाच वर्षांच्या इतिवृत्ताची वही शोधावयास आम्ही निघालो, तेव्हा ती कपाटात नव्हती. तीन महिने शोध चालला. शेवटी एका संस्थापक सभासदांच्या सूनबाईंकडे, धान्याच्या पिंपामागच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या पदरात बांधलेली सापडली. सूनबाईंनी ती कधी उघडून पाहिली नव्हती. "सासूबाई म्हणाल्या होत्या, ही टाकू नकोस. म्हणून ठेवली," एवढेच त्यांचे उत्तर. त्यांनी घर दोनदा बदलले, ट्रंक दोन्ही वेळा बरोबर नेली.

असो. आदिशीचे दार शेवटी उघडले ते १९१० साली, एक्वतिमे ताकाइश्विली ह्या संशोधकासाठी. हे गृहस्थ स्वतः जॉर्जियन, १८६३ साली गुरिया प्रांतातल्या खेड्यात जन्मलेले. देश तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. स्वदेशातील शिलालेख, नाणी, मठ, पोथ्या ह्यांचा शोध हेच त्यांनी जन्माचे काम मानले होते. १९०७ साली त्यांनी इतिहास व लोकजीवन यांच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. १९१० च्या मोहिमेत ते स्वानेतीतील गावोगाव हिंडले आणि आदिशीची पोथी त्यांनी पाहिली. ह्या संशोधकाबद्दल मला आदर वाटतो तो त्यांनी पुढे जे केले त्यासाठी. त्यांनी पोथीची छायाचित्रे प्रसिद्ध केली. दिमित्री येर्माकोव ह्या नामांकित छायाचित्रकाराची ही छायाचित्रे २०० पटांवर छापून, स्वतःच्या विवेचनासह, १९१६ साली मॉस्कोहून ग्रंथ निघाला. पोथी डोंगरात राहिली आणि तिचा मजकूर जगापुढे आला. त्या मजकुरावरून अमेरिकेतील रॉबर्ट ब्लेक यांनी १९२९ साली मार्कची संहिता लॅटिन भाषांतरासह छापली. मार्क कोठे संपतो हे तिकडच्या अभ्यासकांना कळले ते त्यामुळे.

ताकाइश्विलींच्या नशिबी मात्र निराळेच राखणे लिहिलेले होते. १९१८ साली जॉर्जिया स्वतंत्र झाला, आणि तीन वर्षे पुरी होतात न होतात तोच, फेब्रुवारी १९२१ मध्ये, लाल सेना तिबिलिसीत शिरली. सरकार काळ्या समुद्रावरील बातुमी बंदरातून परदेशी निघाले. बरोबर देशाचा खजिना होता. सोनेनाणे असे नव्हे, तर राजवाडे, मठ व संग्रहालये यांतील पवित्र चित्रे, दागिने, मीनाकारी, हस्तलिखित पोथ्या. एकोणचाळीस पेट्या. हा खजिना मार्च महिन्यात फ्रेंच जहाजाने मार्सेय बंदरास गेला, आणि त्याची राखण ताकाइश्विलींकडे आली. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी होत्या, निनो पोल्तोरात्स्काया.

पॅरिसजवळ लव्हील नावाच्या गावी परागंदा जॉर्जियनांनी एक जुना वाडा घेतला होता, तेथे ही मंडळी राहू लागली. सरकार नावापुरते उरले, मिळकत आटली. पेट्या बँकेत. त्यांतील एखादी वस्तू विकली असती तर दोघांचे उरलेले आयुष्य सुखात गेले असते. विकत मागणारेही कमी नव्हते. ताकाइश्विलींचे उत्तर ठरलेले असे, हे माझे नाही, जॉर्जियाचे आहे. मिंग्रेलियाच्या जुन्या राजघराण्यातील एका वारसदार बाईंनी ह्या खजिन्यातील आपल्या घराण्याच्या वस्तूंवर फ्रेंच न्यायालयात हक्क सांगितला, तोही त्यांनी लढून परतविला.

निनोबाई आजारी पडल्या. औषधपाण्याचीही ओढ होती असे सांगतात. १९३१ साली त्या वारल्या व लव्हीलच्या दफनभूमीत त्यांना पुरले. ताकाइश्विलींविषयी पुष्कळ लिहिलेले आहे, त्यांच्या चर्चने २००२ साली त्यांना संतपदही दिले. निनोबाईंविषयी मात्र दोन ओळींपलीकडे मला काही मिळाले नाही. किल्ल्या पतीच्या हातात होत्या हे खरे. पण महिन्याच्या अखेरीस घरात काय आहे नि काय नाही हे ज्या बाईला रोज पाहावे लागते, तिनेही "त्या पेटीतले एखादे कडे विकू या" असे म्हटले नाही, किंवा म्हटले असले तरी पुन्हा गिळले, तेव्हाच त्या पेट्या मिटलेल्या राहिल्या ना?

पत्नीच्या मागे ते तेथेच राहिले. १९१० सालच्या त्या डोंगरी मोहिमेचा वृत्तान्त त्यांनी १९३७ साली पॅरिसमध्ये, आपल्या भाषेत छापला. आदिशीची वाट त्यांना पुन्हा चढावयाची नव्हती, ती त्यांनी कागदावर चढून घेतली. मग दुसरे महायुद्ध आले, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले व सुटले. द गॉल यांच्या सरकारने खजिना परत देण्याचे मान्य केल्यावर ११ एप्रिल १९४५ रोजी एकोणचाळीस पेट्या विमानाने तिबिलिसीस उतरल्या. बरोबर ब्याऐंशी वर्षांचे ताकाइश्विली होते. ज्या राजवटीपुढून खजिना हलविला, तीच राजवट तेथे होती. प्रारंभीचा सन्मान फार दिवस टिकला नाही. त्यांची मानलेली मुलगी लिदिया हिला अटक झाली, त्यांना घरातच नजरेखाली दिवस काढावे लागले, आणि १९५३ च्या फेब्रुवारीत ते वारले.

१९८७ साली निनोबाईंच्या अस्थी लव्हीलहून तिबिलिसीस आणल्या. शहरावरच्या म्तात्समिंदा टेकडीवर, जेथे त्या देशातील थोर कवी व पुढारी विसावले आहेत, तेथे आता हे दोघे शेजारी शेजारी आहेत.

आणि पोथी? ती स्वानेतीतच आहे. आदिशीहून काही कोसांवर मेस्तिया हे त्या प्रांताचे मुख्य गाव. १९३६ साली तेथे संग्रहालय स्थापन झाले, २०१३ साली त्याची नवी इमारत झाली. तिथल्या काचेआड मिकाएलची ती गोल अक्षरे आता कोणालाही पाहता येतात, किल्लीवाल्या घराण्यांना हाक मारावी लागत नाही. आदिशीत मात्र आता थोडीच घरे राहती उरली आहेत. उन्हाळ्यात पायी हिंडणारे प्रवासी मेस्तियाहून त्या वाटेने येतात, गावातील एखाद्या घरी रात्र काढतात, आणि बाया त्यांना चुलीवरची चीज भरलेली गरम भाकरी वाढतात.